काटा यायला थंडी लागते

हलव्याचे दागिने तुळशीबागेत तयार मिळतात. डिसेंबर सरत आला की तिथल्या दुकानांबाहेर काळ्या कापडावर पांढरेशुभ्र हार, मुकुट, बाजूबंद मांडलेले दिसतात. बाळकृष्णाचा अख्खा संच खोक्यात घालून देतात. धाकट्या बहिणीच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण ठरलं तेव्हा माझं म्हणणं एवढंच होतं, की शनिवारी संध्याकाळी जाऊ, खोकं आणू, विषय संपला. आईलाही ते चाललं असतं. पण तिने फोनवर आत्याला सांगितलं, आणि तिथे सगळं फिरलं.

"विकतच्या हलव्याला काटा असतो का रे? गुळगुळीत गोळ्या नुसत्या," आत्या म्हणाली. मग उत्तराची वाट न बघता, "मी शुक्रवारी येते. तुझ्या आजीची परात माळ्यावरून काढून ठेव."

आत्या पंच्याहत्तरी ओलांडलेली. सदाशिव पेठेतला वाडा पाडून झालेल्या इमारतीत एकटी राहते आणि कुणाकडे मुक्कामाला जायचं म्हटलं की आपली उशी बरोबर घेऊन जाते. तिने 'येते' म्हटलं म्हणजे ती येते.

परात काढली. जाड पितळेची, काठाला आजीचं नाव ठोकून कोरलेलं. आतली कल्हई जागोजागी उडालेली होती. तशा परातीत साखरेचा पाक घालून हाताने तासन्‌तास ढवळणं आत्याला मंजूर नव्हतं, म्हणून मी ती स्कूटरच्या पायाशी उभी करून कसब्यात तांबट आळीकडे घेऊन गेलो. पेशव्यांच्या काळापासून तांब्यापितळेची भांडी ठोकणाऱ्यांची ही वस्ती. अजूनही गल्लीत शिरलं की ठोक्यांचा आवाज आधी येतो. कल्हई करताना बघायला मला लहानपणापासून आवडतं. भांडं भट्टीवर लालसर होईपर्यंत तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठतो, आणि त्या धुरातच कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचं. बघता बघता काळपट परात आरशासारखी होते. काम दहा मिनिटांचं, पण मी तिथे बराच वेळ रेंगाळलो.

थंडीचं म्हणाल तर ती चोख होती. आमच्या बाबांना हिवाळ्यात एकच काम असतं, सकाळी कानटोपी घालून पेपरातला पारा मोठ्याने वाचायचा. शिवाजीनगर इतके, पाषाण इतके. आपल्या कोथरूडचा आकडा पेपरात येत नाही याचं त्यांना दरवर्षी वाईट वाटतं. शुक्रवारी शिवाजीनगर दहाच्या खाली गेल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि लगेच जोडून सांगितलं, की १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७ अंशांची नोंद आहे. ही तारीख त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ आहे. आत्या तोवर आलेली होती. ती स्वेटरची बटणं लावत म्हणाली, "त्या वर्षी हलव्याला काय काटा आला असेल!"

पाक शुक्रवारी रात्रीच केला. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, म्हणजे साखरेतली मळी वर फेस होऊन येते. ती काढून टाकायची आणि पाक मलमलच्या फडक्यातून गाळायचा. हे केलं नाही तर हलवा पांढरा न होता मळकट दिसतो. एकतारी झाला की उतरवायचा. मी लिंबू कापायला घेतलं तर आत्याने हात धरला. लिंबाने पाक भांड्यात गोठत नाही हे खरं, पण जास्त पिळलं तर तो हलव्यावरही सुकत नाही, चिकट राहतो. दोन थेंब, बस्स. हे तिला कुणी शिकवलं, तर सासूने. सासूला तिच्या सासूने.

शनिवारी सकाळी सहाला आत्या ओट्यापाशी उभी होती. बाकी घर रजईत. गिझरचा लाल दिवा आणि आत्या, एवढंच जागं. मी चहा टाकेपर्यंत तिने परातीत तीळ आणि साबुदाणा वेगवेगळे मांडले होते. तिळाचा हलवा वाटायला आणि खायला, साबुदाण्याचा दागिन्यांना, कारण दाणा मोठा लागतो. प्रमाण बघून मला हसू आलं होतं. तीळ जेमतेम दोन चमचे, साबुदाणा मूठभर. एवढ्याशासाठी आजीची परात?

"फुगतं ते," आत्या म्हणाली.

आता खरी कृती. परात मंद आचेवर ठेवायची, तीळ कोमट करायचे, त्यावर चहाच्या चमच्याने अर्धा चमचा पाक टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने गोल गोल फिरवत राहायचं. पाक प्रत्येक दाण्याला लागतो, ओलसर चकाकतो, मग हळूहळू सुकून पांढरा पडतो. सुकला, की पुन्हा अर्धा चमचा. पुन्हा फिरवायचं. बास, कृती संपली. फक्त ती दोन दिवस चालते.

लिहायला सोपं आहे. पण आच जास्त झाली तर दाणे पिवळे पडतात, पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, हात थांबला तर तळाला पापुद्रा धरतो. जुन्या काळी हे राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यांवर करत. गॅस कितीही बारीक केला तरी तितका बारीक होत नाही. आम्ही खाली लोखंडी तवा ठेवला, तरी आत्याचं समाधान नाही. "अजून बारीक कर. अरे, अजून." त्याच्या पुढे गॅस विझत होता.

इथे आमचे नववीतले चिरंजीव उठून आले आणि त्यांनी इंडक्शनची शेगडी सुचवली. पितळेची परात त्यावर तापत नाही, ते त्याला माहीत होतं, म्हणून मध्ये तोच लोखंडी तवा. तवा तापला, परात तापली, सगळ्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. आत्याने परातीखाली हात नेऊन बघितलं. सगळ्यात कमी आचेवर ती शेगडी मध्येच चालू होते, मध्येच बंद पडते. "ही तापते काय, गप्प बसते काय. हिचा काही नेम नाही," असा निकाल देऊन तिने परात पुन्हा गॅसवर आणली आणि आच जास्त वाटली की उचलून पाटावर ठेवायची, असं ठरवलं. दोन दिवस आम्ही ती जड परात वर-खाली केली. माझ्या मनगटांना अजून आठवण आहे.

पाक टाकायचा कसा, यावर तिचं एकच वाक्य होतं. "पाऊस नको, दव पडू दे." मुलाने उत्साहात एकदा मोठा चमचा ओतला आणि अर्ध्या परातीचा लाडू झाला. मला वाटलं, गेलं सगळं. आत्या काही बोलली नाही. परात गॅसवरून उतरवली, गठ्ठे गार होऊ दिले आणि एकेक दाणा नखाने सोडवत बसली. अर्ध्या तासाने पोरगा आपणहून तिच्या शेजारी बसून सोडवायला लागला. मोबाईल दुसऱ्या खोलीत वाजत होता.

पाकक्रियेच्या पुस्तकात हे कुणी लिहीत नाही, की हलव्याला माणसं लागतात. एकट्यादुकट्याने करायचं हे काम नाही. एक जण कंटाळला, की दुसऱ्याने हात घालायचा, आणि हात बदलताना परात थांबता कामा नये. त्यामुळे त्या शनिवारी आमचं सगळं घर स्वयंपाकघरात येऊन बसलं. एरवी शनिवारी कोण कुठल्या खोलीत असतं याचा पत्ता नसतो. आईने मटारची पिशवी आणून जमिनीवर ओतली. सासवडकडचा मटार या दिवसांत स्वस्त असतो, आणि परातीशी बसलेल्याचे सोडून बाकीचे हात रिकामेच होते. बाबा शेंगा सोलण्यापेक्षा खातच जास्त होते. दुपारी जेवायला मटारची उसळ आणि बाजरीची भाकरी. भाकरी आईने थापली तेव्हा दोन्ही शेगड्या हव्या होत्या, म्हणून तेवढा वेळ परातीला सुट्टी. आत्याने त्या सुट्टीतही दाणे चाळणीतून चाळून घेतले.

हे चाळणं महत्त्वाचं. फिरवताना पाकाची पिठी होते आणि दाण्यांत मिसळत राहते. ती वेळच्या वेळी चाळून काढली नाही तर पुढचा पाक पिठीच पिऊन टाकते, दाण्याला काही लागत नाही. परातीच्या तळाला धरलेला थरही ओल्या फडक्याने पुसून, परात कोरडी करून मगच पुन्हा सुरुवात. चाळून निघालेली पिठी आत्या एका डब्यात भरत होती. तिचं पुढे काय झालं ते सांगतो.

संध्याकाळपर्यंत तिळाचे दाणे मोहरीपेक्षा मोठे, पांढरे आणि अगदी गोल झाले होते. गोल! काट्याचा पत्ता नाही. "हा तर तुळशीबागेतला हलवा झाला," मी म्हणालो. आत्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं.

बायको जपानी शिकवते. तिने कपाटातून एक छोटी पुडी आणून आत्याच्या हातावर रिकामी केली. रंगीत, बोथट शिंगांचे साखरेचे दाणे. आत्या चकित. हे कोंपेइतो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ही मिठाई जपानात नेली. १५६९ मध्ये लुईश फ्रॉइश या ख्रिस्ती धर्मगुरूने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीतून ती भेट दिली होती. करायची रीत जवळजवळ आपलीच. पूर्वी आत खसखस किंवा तीळ घालत, आता साखरेचाच जाडा कण घालतात, आणि तिरप्या फिरत्या तापल्या कढईत थोडा थोडा पाक टाकत आठवडा-दोन आठवडे फिरवत राहतात. बायकोने हे सगळं सांगितल्यावर आत्याने एक दाणा चावून बघितला आणि म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडेही कुणीतरी आत्या आहे."

रात्री प्रश्न आला मुंग्यांचा. हलवा झाकायचा नाही, कारण त्याला वारा लागला पाहिजे, आणि उघडा ठेवला तर मुंग्या. मोठ्या ताटात पाणी घेतलं, मधे पातेलं पालथं घातलं, त्यावर परात ठेवली आणि वरून साडीचं विरळ फडकं टाकलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली. आईने विरोध करून पाहिला, की बाबांना खोकला होईल. बाबांनी आपली रजई उचलली आणि आतल्या खोलीत गेले. हलव्यासाठी त्यांनी केलेला हा सगळ्यात मोठा त्याग.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात फरशीवर पाय ठेववत नव्हता. दाणे कोरडे ठणठणीत झाले होते, हातात घेतले तर खुळखुळ वाजत होते. आत्याने पाक पुन्हा जरा कोमट करून सैल केला आणि आजपासून तळवा लावायचा नाही, असं बजावलं. बोटंसुद्धा अगदी वरवर, जमेल तितकं परातच हलवायची. पाक आणखी कमी, चमच्याच्या टोकावर राहील एवढाच. आणि एक पाक पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नाही.

आठाच्या सुमाराला ऊन गॅलरीतून आत आलं आणि परातीवर पडलं. बाबा कोडं सोडवताना वापरतात ते भिंग घेऊन मुलगा दाणे बघत बसला होता. "आत्याआजी, हे काय आहे?" एका दाण्याच्या अंगावर तीन-चार अगदी बारीक टोकं उठली होती. टाचणीच्या अग्राएवढी, काचेसारखी पारदर्शक. शेजारच्या दाण्यावर नव्हती, त्याच्या पलीकडच्यावर होती. भिंग सगळ्यांच्या हातांतून फिरलं. आत्याला भिंगाची गरज पडली नाही, तिने दाणे चिमटीत धरून बोटावर चोळले आणि मान डोलावली.

मग पोराने आम्हाला शास्त्र सांगितलं. शाळेत संपृक्त द्रावण झालेलं आहे. वीस अंशांना शंभर ग्रॅम पाण्यात साधारण दोनशे ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहूनही जास्त. गरम पाक गार दाण्याला लागला आणि पाणी उडालं की जास्तीची साखर स्फटिक होऊन बाहेर पडते, आणि ती आधीच्या स्फटिकावरच बसते. जिथे किंचित उंचवटा आहे तिथे परातीतला ओला पाक आधी लागतो, म्हणून तोच उंचवटा वाढत जातो. हवा कोरडी आणि गार असली तर हे झटपट होतं. ढगाळ, दमट हवेत पाक दाण्यावर पसरून बसतो आणि दाणा गोलच राहतो. मला हे पटलं. आत्यालाही पटलं असावं, कारण ती म्हणाली, "मग मी काल तेच सांगत होते की."

खरं तर ती काल असं काहीच म्हणाली नव्हती. पण हात तिचे बरोबर चालत होते, हेही तितकंच खरं.

दुपारपर्यंत काटा डोळ्यांना दिसू लागला. साबुदाण्याच्या हलव्यावर जास्त ठळक. शेवटच्या काही पाकांत आत्याने केशराचं पाणी घालून मूठभर दाणे केशरी करून घेतले, पदकांसाठी. दोन चमचे तिळांचा आणि मूठभर साबुदाण्याचा मिळून एक मोठा डबा भरला. फुगतं ते, हे खरं निघालं.

चारला बहीण पिंपळे सौदागरहून बाळाला घेऊन आली. मेव्हणे गाडी लावायला जागा शोधत खालीच फिरत होते. बाळाची मापं दोऱ्याने घ्यायची होती. मनगट, दंड, कंबर, डोक्याचा घेर. दहा महिन्यांचं मूल दोरा दिसला की तो तोंडात घालतं, त्यामुळे एकाने खुळखुळा वाजवायचा आणि दुसऱ्याने माप घ्यायचं. काळं मखमली झबलं आईने आधीच शिवून ठेवलेलं होतं. एरवी बाळाला काळं घालणार नाही म्हणणारी माणसं संक्रांतीला मात्र आवर्जून काळं घालतात, थंडीत काळ्या रंगाची ऊब म्हणून.

हलव्याला सुईने भोक पाडता येत नाही, तो फुटतो. दुहेरी दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा बसवायचा, फास आवळायचा, पुढचा फास. इथे काटा उपयोगी पडतो, हे मला तेव्हाच कळलं. काटेरी दाण्यावर दोरा अडकून बसतो, गुळगुळीत दाणा फासातून निसटतो. आत्याच्या बोटांना हे येतं, आईला आठवून आठवून आलं, बहिणीचा दाणा चौथ्या-पाचव्या फासाला निसटायचा. मला दोरे कापायला ठेवलं होतं. मुकुटासाठी पुठ्ठा कापून त्यावर काळं कापड आणि मग डिंकाने दाणे. बासरीला शीतपेयाची नळी. हार, बाजूबंद, मनगट्या, कमरपट्टा. रात्री दहापर्यंत बसलो. मेव्हण्यांनी मधेच जाऊन सगळ्यांसाठी गरम वडे आणले. डिंकाचे हात कुणाचेच रिकामे नव्हते, म्हणून तेच सगळ्यांना भरवत फिरले. आत्याला भरवताना ते जरा बिचकले, तर तिने आ वासून वाट बघितली.

बहिणीने एक गोष्ट आधीच स्पष्ट करून टाकली आणि मला ती शंभर टक्के पटते. दागिने फोटो होईपर्यंतच, सतत कुणीतरी हात धरून, आणि लगेच काढायचे. डोक्यावरून ओतायला चुरमुरे आणि बत्तासे चालतील. बोरं, हरभरे, उसाचे करवे, गोळ्या हे सगळं मोठ्या मुलांसाठी वेगळ्या टोपलीत. एवढ्या लहान मुलाच्या घशात दाणा अडकायला क्षण लागतो. आत्या यावर वाद घालेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरोबर आहे. आमच्या वेळी देवाच्या भरवशावर सगळं."

बोरन्हाण संक्रांतीनंतरच्या रविवारी झालं. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे सगळ्यांच्या सोयीचा वार मिळतो. बाळाने मुकुट डोक्यावर ठेवूच दिला नाही. हार घातला तेवढा वेळ तो एकटक त्याच्याकडे बघत होता, मग एक मनगटी ओढून तोडली. चुरमुरे डोक्यावर पडल्यावर आधी ओठ काढला, मग हसला. फोटोत तो क्षण बरोबर सापडला आहे. बिल्डिंगमधल्या पोरांनी टोपली अर्ध्या मिनिटात साफ केली आणि मग त्यांची नजर दागिन्यांवर गेली. कमरपट्टा त्यांनी खाल्ला. बासरी कुणी खाल्ली ते कळलं नाही, नळी सोफ्याखाली सापडली.

आत्या आपली उशी घेऊन परत गेली. जाताना परातही मागून घेतली, माळ्यावर ठेवून काळी करण्यापेक्षा माझ्याकडे बरी, म्हणाली. चाळलेल्या पिठीचा डबा मात्र आमच्याकडेच राहिला. साखर टाकून द्यायची नाही, असा आईचा नियम, त्यामुळे सध्या ती चहात पडते. तळाशी तिळाचे चार-दोन दाणे येतात आणि बाबा रोज सकाळी पारा वाचून झाला की कप तिरका करून विचारतात, "हे अजून किती दिवस?"

डबा अजून अर्धा भरलेला आहे.